पाचव्या वर्षाचं पाणी

४ मे, रविवार

पतसंस्थेनं जानेवारीत ही डायरी दिली होती. चार महिने कपाटावर पडून होती. तेजस्वी म्हणायची, "तुम्ही तोंडानं तर काय बोलत न्हाईसा, निदान लिवा तरी." तेव्हा मी हसलो होतो. पैलवान माणूस डायरी लिहितो असं कळलं असतं, तर तालमीतली पोरं महिनाभर पोट धरून हसली असती. आता घरात हसायला कोणी नाही, म्हणून लिहायला घेतलं.

तेजस्वी, माझी बायको, पोरीला घेऊन घर सोडून गेली त्याला आज त्रेपन्न दिवस झाले. मी दादांबरोबर गोव्याला गेलो होतो. परत आलो तर किल्ली शेजारी, घर झाडून लख्ख, ओट्यावर झाकलेली आमटी. भांडण नाही, चिठ्ठी नाही. आमटीला आंबूस वास येत होता, तरी खाल्ली.

राजनंदिनी सात वर्षांची आहे. दर रविवारी तिच्या केसांना तेल मी लावायचो. कमरेपर्यंत केस आहेत तिचे. माझा पंजा एवढा की तिचं डोकं त्यात मावतं, पण वेण्या अशा घालायचो की गल्लीतल्या बायका विचारायच्या, कुणी घातल्या म्हणून. आज रविवार. सकाळी तेलाची बाटली हातात घेतली आणि मग कळेना कुठं ठेवायची.

९ मे, शुक्रवार

नंबर लागत नाही. रोज अंघोळीआधी एकदा लावतो. फोनमधली बाई सांगते, बंद आहे. हल्ली तिच्याशीच माझं जास्त बोलणं होतं.

आज गाडीत दादांनी विचारलं, "पैलवान, वैनींचा काय पत्त्या लागला?" मी मान हलवली. दादा म्हणाले, "घर मोडू द्यायचं न्हाई. तुझं घर ते माझं घर. आपण हुडकू की." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मागच्या सीटवर ऋतुराज बसला होता, म्हणून काच पुसायचं नाटक केलं.

दादा म्हणजे विजयसिंहदादा. कळंब्याच्या बाजूला त्यांची प्लॉटिंगची कामं चालतात. जमीन द्यायला कुणी कां-कू करायला लागलं की आम्हाला पाठवतात. ऋतुराज बोलतो. मी गाडी चालवतो आणि उभा राहतो. बहुतेक वेळा माझं उभं राहणंच पुरतं.

गुडघा गेला आणि माझी कुस्ती सुटली, तेव्हा वस्तादांनीसुद्धा तोंड फिरवलं होतं. दादांनी मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं. दवाखान्यात स्वतः डबा घेऊन आले. खाल्ल्या मिठाला जागायचं हे मला आईनं शिकवलंय. तेजस्वीला ते कधी पटलं नाही. ती म्हणायची, "मीठ खाल्लंसा म्हणून काय घर बी त्यांच्या ताटात वाढायचं व्हय?" तिची जीभ अशी. आता ती जीभ ऐकायला मिळावी म्हणून मी काय वाटेल ते देईन.

१८ मे, रविवार

बिद्रीला जाऊन आलो. सासूबाई, चिमणाबाई, कारखान्याच्या पुढं वस्तीवर एकट्या राहतात. दोन म्हशी, एक कुत्रं, आणि शब्द मोजून देणारं तोंड.

मी दारात उभा राहिलो तर म्हणाल्या, "पावणं, आलाईसा तर जेवून जावा. इचारायचं काय ते जेवल्यावर इचारा. उपाशी माणसाला न्हाई म्हणाय मला जमत न्हाई."

भाकरी, पिठलं, वर लोण्याचा गोळा. मी मुकाट जेवलो. मग विचारलं, "आत्ती, पोरगी कुठं हाय माझी?"

"सुखात हाय."

"कुठं?"

"न्हाई सांगत."

मी पाया पडलो. खरंच पडलो, शेणानं सारवलेल्या जमिनीवर. त्या मागं सरकल्या. म्हणाल्या, "तुमी वंगाळ न्हाईसा, पावणं. पर तुमच्या मागनं कोण येतंय ते तुमाला दिसत न्हाई. तिला हुडकू नगासा. तेवढी माया करा तिच्यावर."

मी मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं, नुसता ऊस. म्हातारी कोड्यात बोलते आणि मग आपणच अडाणी ठरतो. रागानं गाडीला किक मारली. कागल रस्त्याला येईपर्यंत राग उतरला आणि मग तिथंच चहाच्या टपरीवर बसून राहिलो. मी वंगाळ नाही म्हणाल्या. म्हणजे तेजस्वीनं तसं सांगितलं असेल. हे एक वाक्य घेऊन आलो, एवढं तरी मिळालं.

१९ मे, सोमवार

दादांना सगळं सांगितलं. सासूला ठाऊक आहे, पण सांगत नाही. दादा म्हणाले, "म्हातारी मानसं हट्टी असत्यात. येळ लागतोय." मग ऋतुराजकडं बघून म्हणाले, "कुठली म्हणालास वस्ती?" ऋतुराजला पत्ता मीच समजावून दिला. दोन माणसं शोधायला असली तर बरंच की.

२३ मे, शुक्रवार

वाईट बातमी. आत्तींच्या कडब्याची गंजी जळाली. भर दुपारी. वरून विजेची तार गेलीय, ठिणगी पडली असणार. मी लगेच फोन केला. म्हटलं, आत्ती, मी येतो, कडबा घेऊन येतो.

त्या शांतपणे म्हणाल्या, "येऊ नगासा. तुमच्या मालकाला सांगा, गंजी जळाली म्हणून मी तोंड उघडणार न्हाई. म्हशी जाळल्या तरी न्हाई."

मालकाचा काय संबंध? दुःखानं म्हातारीचं डोकं फिरलंय बहुतेक. दादांना सांगितलं तर त्यांनाही वाईट वाटलं. दोन ट्रॉल्या कडबा पाठवून दिला त्यांनी. आत्तींनी तो परत पाठवला. कमाल आहे.

२ जून, सोमवार

आज दादांनी एक विचित्र गोष्ट विचारली. बंगल्यावर झोपाळ्यावर बसलेले, मला शेजारी बसवून घेतलं.

"पैलवान, फेब्रुवारीत मी तुझ्या घरात अंघोळ केलती, ध्येनात हाय?"

ते कसं विसरेन? एवढा मोठा माणूस आपल्या दोन खोल्यांत येतो, आपल्या बादलीनं अंघोळ करतो, आपला शर्ट घालून जातो. मी गल्लीत आठ दिवस छाती काढून चालत होतो. त्या दुपारी दादांचा घोळणा फुटला होता. पांढरा शर्ट रक्तानं भरला होता. मीच गाडी घराकडं वळवली.

"त्या शर्टाचं काय केलंस?"

"तेजस्वीला दिलता. बंबात घाल म्हटलं."

"घातला?"

"घातला असंल की, दादा."

दादांनी पायानं झोपाळा थांबवला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वैनी अशा भायेर राहनं बरं न्हाई. लवकर हुडकाय पायजे." त्यांना माझ्याइतकीच काळजी लागलीय.

आता आठवतं, तेजस्वीनं तो शर्ट हातात धरून मला विचारलं होतं, "नाकातनं रगात आलं तर ते पाठीवर कसं आलं वो?" मी म्हटलं, तू काय डॉक्टर हाईस काय. त्यानंतर ती बरेच दिवस गप्पच होती.

३ जून, मंगळवार

झोप नीट लागली नाही. त्या दिवसाबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण निम्मं लिहून झालंच आहे.

त्या दिवशी आम्ही कळंब्याच्या पुढं गुंडूआबांकडं गेलो होतो. म्हातारा अडीच एकर सोडायला तयार नव्हता. सकाळी मी गाडीच्या डिकीत खताची रिकामी पोती अंथरली होती. दादांचा नियम आहे, मोठं काम असलं की आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी पोती अंथरायची. डिकी खराब होऊ नये म्हणून. कसलं काम, हे मी कधी विचारलं नाही. दादा, ऋतुराज आणि आबा बांधाकडं चालत गेले. मी रस्त्यावर गाडीत थांबलो. तासाभरानं दादा एकटे आले, नाक रुमालानं दाबून. मी त्यांना घरी आणलं, आणि मागनं आलेला ऋतुराज गाडी घेऊन परत तिकडं गेला. चौथ्या दिवशी आबा खाणीच्या पाण्यात सापडले. पाय घसरला, असं पेपरात आलं होतं. त्यांची लेक अजून पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवते.

मी गाडीत होतो. मला काही माहीत नाही.

११ जून, बुधवार

राजनंदिनीच्या शाळेवरून गेलो. शाळा अजून उघडायची आहे, हे ठाऊक असून गेलो. शिपाई झाडत होता. "कुणाला न्यायला आलाईसा?" म्हणाला. काय सांगू? म्हटलं, लवकर आलो.

२२ जून, रविवार

रविवार वाईट. दुपारी मटण आणलं, एकट्यानं रस्सा केला. तेजस्वी पांढऱ्या रश्शात खसखस वाटून घालते. मी काय घातलं देव जाणे. पातेलं तसंच शेजारी देऊन टाकलं. शेजारीण म्हणाली, "भावजी, मीठ घालाय इसरलाईसा." मीठ विसरणारा मी पहिलाच नोकर असेन.

२९ जून, रविवार

आषाढ लागला. संध्याकाळी गल्लीतून सनई-ढोल वाजत गेलं, पी ढबाक, पी ढबाक. कुठल्यातरी तालमीची पोरं यात्रेची तयारी करत होती. मी खिडकीत उभा राहिलो आणि राहवेना.

लग्नानंतर सहा वर्षं मूल नव्हतं. तेजस्वीनं टेकडीवरच्या टेंबलाई देवीला नवस बोलला होता. पोरगी झाली तर तिला चालता-बोलता आलं की पाच वर्षं, आषाढातल्या शेवटच्या शुक्रवारी, पंचगंगेचं नवं पाणी तिच्या हातानं टेंबलाईच्या पायरीवर घालीन. चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी पोरीनं निम्मं पाणी माझ्या डोक्यावर सांडलं, मी तिला खांद्यावर घेतलं होतं ना. दुसऱ्या वर्षापासून ती कळशी स्वतःच्या डोक्यावर घेऊन चढते. गेल्या वर्षी म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसतं मागनं या. हात लावायचा न्हाई."

यंदा पाचवं वर्ष. तेजस्वी जगात कुठंही असू दे, हे वर्ष ती चुकवणार नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. ती टेंबलाईला घाबरते, आणि टेंबलाईनं दिलेली पोरगी तिनं परत न्यावी, असं तिला स्वप्नात सुद्धा नको. शेवटचा शुक्रवार अठरा जुलैला आहे. एकोणीस दिवस.

मला सापडली! एवढे दिवस गाढवासारखा हिंडत होतो आणि उत्तर आपल्याच उंबऱ्यात होतं.

३० जून, सोमवार

दादांना सांगितलं. त्यांनी मला मिठीच मारली. "पैलवान, डोस्कं हाय की रं तुला!" आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणालं.

८ जुलै, मंगळवार

ठरलं. दादा म्हणाले, "तू तिथं जाऊ नगंस. तुला बघून वैनी पळतील, पोरगी रडंल, गर्दीत तमाशा. ऋतुराज आणि पोरं नीट समजावून आणत्याल. राधानगरी रोडच्या फार्महाऊसवर दोन दिवस ठिवू, मी सोता बोलतो. मग तू ये." पटलं. तेजस्वी खरंच मला बघून पळेल. दादांचं बोलणं कुणीही ऐकतं. त्या दिवशी मला इचलकरंजीला एका साइटवर जायचंय, संध्याकाळपर्यंत काम आहे. बरंच झालं, टेकडीखाली नुसतं उभं राहण्यापेक्षा.

१४ जुलै, सोमवार

भिंतींना चुना दिला. स्वयंपाकघराला फिका पिवळा, तिला आवडतो. पडदे धुतले. राजनंदिनीला एक फ्रॉक आणला, पण दुकानात घोळ झाला. बाई म्हणाली, किती वर्षांची, मी म्हटलं सात. "उंची?" मी हात धरून दाखवला आणि मग वाटलं, चार महिन्यांत वाढली असेल. किती ते मला ठाऊक नाही. दोन मापांचे घेतले.

१६ जुलै, बुधवार

पंचगंगेला नवं पाणी आलंय, तांबूस. घाटावर गेलो होतो. परवा सकाळी इथून ती कळशी भरेल. पायरीवर बसून राहिलो. माझ्या जिवाला आज इतकं बरं वाटत होतं की शेजारच्या अनोळखी माणसाला म्हटलं, परवा माझी पोरगी येणार हाय. तो म्हणाला, "येऊ दे की पावणं, भाग्य हाय तुमचं."

१७ जुलै, गुरुवार

सकाळी अकरा वाजता बंगल्यावर गेलो. इचलकरंजीसाठी जीप धुवायची होती. पलीकडं ऋतुराजनं मोठी गाडी काढली होती. डिकी उघडी होती. तो वाकून आत खताची पोती अंथरत होता. नीट, कडेपासून कडेपर्यंत, मी अंथरतो तशी. मीच शिकवलंय त्याला.

माझ्या हातात पाण्याचा पाइप होता. म्हटलं, "कशाला रं?"

"दादा म्हणालं, उद्याला लागतील."

"उद्या तर तू टेंबलाईला चाललाईस न्हवं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाला, "मला नगं इचारू, पैलवान. मला बी दोन पोरं हाईत."

पाणी माझ्या पायांवर पडत होतं ते मला नंतर कळलं.

घरी आलो. पिवळ्या भिंतींच्या घरात बसून ही डायरी पहिल्यापासून वाचली. माझ्याच हातानं लिहिलंय सगळं. शर्टाच्या पाठीवरचं रक्त. बंबात गेलाच नसणार तो शर्ट. आत्तींचा पत्ता मी दिला, आणि चौथ्या दिवशी गंजी जळाली. दादा माझं घर जोडत नव्हता. त्याला तेजस्वी हवी होती, तिनं तो शर्ट बघितला म्हणून, आणि मी त्याच्या मिठीत हुरळून गेलो. मुकं कुत्रंसुद्धा चोराला घराची वाट दाखवत नाही.

तेजस्वी मला सोडून गेली नाही. माझ्या मालकापासून पळाली, आणि मी मालकाचा माणूस होतो म्हणून मला सांगू शकली नाही. चार महिने मी स्वतःची कीव केली. ती चार महिने कुठल्यातरी परक्या घरात, दारावर कोणी थाप मारली की पोरीचं तोंड दाबून बसली असेल.

मी गाडीत होतो हे खरं आहे. पण मला माहीत होतं. पोती अंथरली तेव्हाच माहीत होतं. कुणीही खताची पोती सहज म्हणून अंथरत नाही.

आता काय करू? तिचा फोन बंद. आत्तींना फोन लावला, माझा आवाज ऐकून त्यांनी ठेवून दिला. परत लावला, परत ठेवला. पोलिसांत जाऊ? ठाण्यात दादाला दादाच म्हणतात. एक बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या बाई अधिकारी आहेत, गुंडूआबांच्या लेकीचं त्या ऐकून घेतात, असं ऋतुराजच एकदा चरफडत म्हणाला होता.

शांतपणे विचार केला. माझ्यासाठी सोपं नव्हतं ते. तेजस्वीचा जीव धोक्यात आहे, कारण तिच्याशिवाय बोलणारं दुसरं कोणी नाही. दुसरं कोणी बोललं, आणि मोठ्यानं बोललं, तर तिला गप्प करून दादाला फार काही मिळणार नाही.

उद्या इचलकरंजीला जात नाही. हाकही मारायची नाही तिला. ऋतुराजबरोबरची पोरं तिला फोटोवरून ओळखतील की नाही ठाऊक नाही, पण मी हाक मारली तर नक्की ओळखतील.

२० जुलै, रविवार

ही डायरी आज बाई अधिकारी घेऊन जाणार आहेत. पुरावा म्हणून. म्हणाल्या, शेवटचं काही लिहायचं असेल तर लिहा, मग पंचनामा करू. शुक्रवारचं लिहितो.

आठ वाजता टेकडीवर पोचलो. आषाढाचा शेवटचा शुक्रवार म्हणजे सगळं कोल्हापूर तिथं. कळश्या घेतलेल्या पोरी, सनई, ढोल, चिखल, नारळ, कोंबड्या. पायथ्याशी ऋतुराजची गाडी, तो आणि दादाच्या हाताखालची दोन पोरं. वीस पावलांवर पोलिसांचा बंदोबस्त. मी नारळाच्या गाड्याआड उभा राहिलो. माझ्या अंगाचा माणूस कशाच्या आड लपत नाही, पण गर्दी होती.

साडेदहाला त्या आल्या. तेजस्वीला मी चालीवरून ओळखलं. आयुष्यात कधी न घातलेला पंजाबी ड्रेस, तोंडाला ओढणी. बरोबर एक मुलगा होता, डोक्यावर कळशी घेतलेला. मला वाटलं, पोरीला कुठं ठेवून आली? मग त्या मुलानं पायरी चढताना डावा पाय आधी टाकला. राजनंदिनी तसा टाकते. तिचे केस कापले होते. पार कानाच्या वर. हाफ पँट, शर्ट, पोरासारखी दिसत होती.

ते केस तेजस्वीनं स्वतः कापले असतील. कापताना रडली असेल. मी इतकं कुणाला कधी बघितलं नाही जितकं त्या पाच मिनिटांत माझ्या पोरीला बघितलं. वाढलीय. मोठ्या मापाचा फ्रॉकच बसेल. तिनं एकटीनं कळशी उतरवली, पायरीवर पाणी ओतलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत कळशी उपडी धरून ठेवली आणि हात जोडले. हाक बाहेर पडू नये म्हणून तोंडात टॉवेल कोंबून धरला होता मी.

त्या उतरायला लागल्या. त्या दोघांतल्या एकानं फोनमध्ये बघितलं, मग तेजस्वीकडं बघितलं, आणि ऋतुराजला कोपर मारलं.

मी आडोसा सोडला. ऋतुराजला काही कळायच्या आत त्याचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो गाडीच्या बॉनेटवर आडवा. धोबीपछाड. बारा वर्षांनी मारला. गुडघ्यात काहीतरी तुटलं ते मलाही ऐकू आलं. खाली पडल्या पडल्या ओरडलो, "साहेब, डिकी उघडा! गुंडूआबाला ह्याच गाडीतनं न्हेलंय! मी साक्षीला हाय! मी गाडी चालवलीय!" दुसऱ्या पोरानं माझ्या तोंडावर लाथ मारली. मी ओरडतच राहिलो. सगळी जत्रा थांबली. सनईसुद्धा.

त्या गर्दीत वरच्या पायरीवर राजनंदिनी उभी होती. तिनं मला ओळखलं. तिचे ओठ "बा" असे झाले, आणि तेजस्वीनं तिचं तोंड आपल्या पोटाशी धरून दाबलं. तेजस्वी माझ्याकडं बघत राहिली. किती वेळ ते सांगता येत नाही. मग पोरीला उचलून पलीकडच्या वाटेनं गर्दीत शिरली.

हेच हवं होतं मला. तरी ती वळावी असं वाटत होतं. वळली नाही. शहाणी बाई आहे.

जबाब त्या बाई अधिकाऱ्यांनीच घेतला, सात तास चालला. पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं, माझ्या भागासकट. बाई म्हणाल्या, "तुम्हीही आरोपी होणार, कळतंय ना?" म्हटलं, कळतंय, पोती मीच अंथरली होती.

२ ऑगस्ट, शनिवार. कळंबा जेल

वहीचे कागद मिळालेत, त्यावर लिहितो. गुडघ्याला प्लास्टर आहे. दादाला अटक झाली. त्याला दुसऱ्या जेलात ठेवलंय, पण त्याची माणसं बाहेर आहेत आणि इथंही आहेत. कालच एकानं जेवणाच्या रांगेत मला विचारलं, "पैलवान, घरची मंडळी कशी हाईत? कुठं असत्यात हल्ली?" अगदी गोड आवाजात.

बाई अधिकारी गुरुवारी येऊन गेल्या. म्हणाल्या, "शर्ट मिळाला. कुणी आणून दिला ते विचारू नका." मी विचारलं नाही. पाठीवरचा डाग तसाच आहे का, एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, "वर्तमानपत्रात गुंडाळून, मध्ये कडुलिंबाचा पाला घालून ठेवला होता. कसर लागू नये म्हणून." आमच्या घरी लग्नातल्या साड्या तशा ठेवतात. म्हणजे पाच महिने तिनं तो जपला. म्हणजे मी बोललो हे तिला पोचलं. उत्तर म्हणून मला तेवढं पुरतं. पुरत नाही, पण पुरवायचं.

खटला उभा राहीपर्यंत वर्ष जाईल. दोन जातील. पोरीचे केस परत कमरेपर्यंत येतील तोवर.

आज सकाळी एक फॉर्म भरून घेतला. भेटीला कोण येणार, फोन कुणाला करणार, त्यांची नावं, नातं, पत्ता, नंबर. हवालदारानं समजावून सांगितलं, ज्यांचं नाव ह्यात असंल त्यांनाच भेट मिळते, ज्याचं न्हाई त्याला गेटवरनंच माघारी. महिन्यातनं किती वेळा, किती मिनिटं, काचेतून, फोनवर. मी सगळं ऐकून घेतलं. काचेच्या पलीकडं ती कशी बसेल, पोरगी काचेला हात लावेल, हेसुद्धा मनात बघून घेतलं. तो फॉर्म चार टेबलांवरून जातो. चारही टेबलांवरून पत्ता कुणाकडं पोचेल ते मला ठाऊक आहे.

"बायको?" हवालदारानं विचारलं.

"न्हाई."

"पोरंबाळं?"

"न्हाईत."

"कोनच न्हाई? लग्न झालेलं दिसतंय की कागदावर."

"सोडून गेली. पत्त्या ठाऊक न्हाई."

त्यानं फॉर्म माझ्याकडं सरकवला, म्हणाला, मग रकान्यात तसं लिही. मी लिहिलं, कोणी नाही. खाली सही केली.

त्यानं खात्रीसाठी परत एकदा विचारलं, तेव्हा उत्तर देताना माझा आवाज फुटला. तो म्हणाला, "खोकला हाय काय? डॉक्टरला दाखीव."

दाखवतो म्हटलं.